मिस आयोनीचे गुरुवार

जमैकातल्या बेथेल क्रॉस गावच्या शाळेत आयोनी टलक ज्या वर्गाला शिकवायची, तो वर्ग इमारतीच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीमागे होता. परीक्षेला बसवलं तर शाळेचा निकाल खाली येईल, अशी मुलं तिथं वय पूर्ण होईपर्यंत ठेवलेली असत. शिक्षकांच्या खोलीत त्या वर्गाला 'वेटिंग रूम' म्हणत. आयोनीसुद्धा म्हणायची. उंच, सडपातळ बाई, उन्हातून चालताना डोक्यावर काळी छत्री आणि आवाज असा की चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय जावा. वर्ग शांत ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुख्याध्यापक पिनॉक पाहुण्यांना मुद्दाम टाकीमागे घेऊन येत आणि म्हणत, "बघा, ही असली मुलं, पण टाचणी पडली तरी ऐकू येईल."

तिनं लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून चढावरच्या घरात एकटीच राहायची. संध्याकाळी शाळेतून परतताना वाटेत चौकातली बुटकी दगडी भिंत लागे, आणि त्या भिंतीवर लेबर्ट बसलेला असे. तिच्याच वर्गातून बाहेर पडलेला. पहिल्या वर्षी तिला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षीही तो तिथंच. एके दिवशी न राहवून ती थांबली.

"लेबर्ट, दिवसभर करतोस तरी काय रे?"

"बसतो, मिस."

"बसतोस म्हणजे?"

"म्हणजे गप्प बसतो. तुम्हीच शिकवलंत की. हात बाकावर, तोंड बंद. त्यात माझा पहिला नंबर असायचा, विसरलात?"

शेजारची पोरं खदाखदा हसली. लेबर्ट मात्र हसला नाही. तो टोमणा मारत होता की खरंच सांगत होता, हे आयोनीला कळेना. घरी येऊन तिनं चहा टाकला आणि तो गार होईपर्यंत तशीच बसून राहिली. पोरानं एका वाक्यात तिच्या सगळ्या नोकरीचा हिशेब मांडला होता.

लेबर्टसाठी तिला पुढे काहीच करता आलं नाही. तिनं त्याच्यासाठी कुठं शब्द टाकावा म्हणेपर्यंत तो किंग्स्टनला निघून गेला आणि गावाला त्याची खबर राहिली नाही. पण त्या वर्षापासून गुरुवार सुरू झाले, ते मात्र त्याच्यामुळं.

कल्पना साधी होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी गुरुवारी शाळेत न येता गावात जायचं. कोणी बेकरीत, कोणी गॅरेजमध्ये, कोणी पोस्टात, कोणी शिवणाच्या दुकानात. दिवसभर मोठ्या माणसांच्यात राहायचं, त्यांच्यासारखं वेळेवर पोचायचं, त्यांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी थकून घरी जायचं. पिनॉक म्हणाले, "करा. पण काही झालं तर मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, हे लक्षात ठेवा." आणि आयोनी छत्री घेऊन दारोदार फिरायला लागली.

बेकरीवाला फर्डी स्वेबी तिच्याच बरोबरीचा, लहानपणी एका बाकावर बसलेला. तो पिठाचे हात पुसत बाहेर आला.

"आयोनी, मी बेकरी चालवतो, पाळणाघर नाही."

"तुला तरी कुठं जन्मतः पाव भाजता येत होता? तुझ्या बापानं पहिल्या वर्षी तुला भट्टीजवळ फिरकू दिलं नव्हतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"बापाचं सोड. माझं गिऱ्हाईक पळालं तर?"

"तुझं गिऱ्हाईक पळून जाणार कुठं? गावात दुसरी बेकरी आहे?"

फर्डीनं कुरकुरत एक मुलगा घ्यायचं कबूल केलं. पोस्टातल्या मिस लॅटींना इतकं समजवावं लागलं नाही. त्यांचं पूर्ण आडनाव लॅटिबोडिएर, पण तेवढं म्हणेपर्यंत पोस्ट बंद व्हायचं, म्हणून लॅटी. त्या म्हणाल्या, "पाठव. बोलायला तरी कोणी मिळेल."

सुरुवातीचे गुरुवार म्हणजे नुसता गोंधळ होता. पोस्टात गेलेला मुलगा टपालाच्या पोत्यावर डोकं टेकून घोरत पडला. गॅरेजमध्ये नोवलेट नावाची मुलगी गेली, तर तिला बघायला रिकामटेकडे जमू लागले. तिनं एकाच्या अंगावर ग्रीसचा बोळा फेकला तेव्हा ती गर्दी मोडली. पण हळूहळू गाव सरावलं. शुक्रवारी वर्गात पोरं बोलायला लागली, भांडायला लागली, आणि टाचणी पडलेली ऐकू येईनाशी झाली. पिनॉक पाहुण्यांना तिकडं आणेनासे झाले. आयोनीला त्याचं वाईट वाटलं नाही.

अशी काही वर्षं गेल्यावर तिच्या वर्गात एव्हरॉल आला.

एव्हरॉल दारात वाकून आत येई इतका उंच होता. लहानपणी मेंदूज्वर झाला, त्यातून वाचला, पण सगळं सावकाश झालं. वाचायला सावकाश, बोलायला त्याहून सावकाश. एक वाक्य तो दोन दमांत बोलायचा आणि मधल्या वेळात लोक त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकायचे. आई इंग्लंडला गेलेली. ती वर्षातून एकदा पिंप भरून कपडे आणि डबे पाठवायची. त्याला वाढवलं आजीनं, मिस डोरकसनं. मिस डोरकस त्याच्या बुटांची नाडी बांधायची, त्याच्या ताटातलं उकडलेलं कोनफळ बारीक करून द्यायची, आणि शाळा सुटताना फाटकाशी उभी राहायची. पोरं चिडवायची. एव्हरॉल मान खाली घालून तिच्यामागून चालायचा.

आयोनीनं त्याला फर्डीच्या बेकरीत घातलं. बेकरी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, फर्डी आता मुलांना सरावलेला, आणि पोरगा ताकदीचा. सगळं जुळत होतं. मिस डोरकस तयार नव्हती. आयोनीनं तिला चर्चच्या पायरीवर गाठून, गोड बोलून तयार केलं. म्हातारी शेवटी म्हणाली, "तुमच्या भरवशावर हं, टीचर."

ईस्टरच्या आधीचा आठवडा. सगळ्या गावाला सणाचा गोड बन आणि चीज लागतं, आणि फर्डीची भट्टी थंड व्हायला फुरसत नसते. त्या गुरुवारी दुकानात रांग बाहेरपर्यंत लागली होती. एव्हरॉलचं काम पोती उचलायचं आणि टेबल पुसायचं. पण फर्डीचा माणूस आला नव्हता, आणि फर्डी घाईत ओरडला, "अरे उभा काय राहिलास खांबासारखा? तो बनचा पत्रा ओढ बाहेर!" एव्हरॉलनं ओढला. त्याच्या हातात मोजे नव्हते, होतं फक्त टेबल पुसायचं ओलं फडकं. तापलेला पत्रा घसरून त्याच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत पडला.

फर्डीनं दुकान तसंच उघडं टाकलं आणि त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आयोनी पोचली तेव्हा मिस डोरकस बाहेरच्या बाकावर बसली होती. एरवी 'टीचर, तुम्ही' म्हणणाऱ्या म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, आणि आयोनी पुन्हा तिच्या अंगणात खेळायला येणारी लहान मुलगी झाली.

"लाज नाही वाटत तुला? मी तुझ्या हातात धडधाकट लेकरू दिलं होतं. तू मला काय परत दिलंस?"

"मिस डोरकस, माझं..."

"बोलू नकोस. तुझ्या बोलण्यालाच भुलले मी. तुला पोर असतं तर कळलं असतं."

हे शेवटचं वाक्य आयोनी कधी विसरली नाही. पण त्या वेळी तिला ते अन्यायाचं वाटलं नाही, खरंच वाटलं.

गावाचं मत फिरायला वेळ लागला नाही. गॅरेजवाल्यानं हात झटकले, "उद्या माझ्या जॅकखाली कोणी सापडला तर मी तुरुंगात जायचं का?" शिवणाच्या बाईनं निरोप पाठवला की मशीन बिघडलंय. पिनॉकनी तिला बोलावून गुरुवार बंद केले. रागानं नाही, दमल्यासारखे म्हणाले, "मिस टलक, तुम्ही चांगलं करायला गेलात. पण पोरांना भाजून घेण्यापेक्षा रिकामं बसणं बरं, असं कोणी म्हणालं तर मी त्याला काय सांगू?"

आयोनी छत्री उचलून घरी आली. ती सुट्टीभर विचार करत राहिली. फर्डीला दोष देणं सोपं होतं. पण तिनंही त्याच्याकडं जागा मागितली होती, मोजे मागितले नव्हते. पोरानं तिथं कशाला हात लावायचा नाही, हे कधी विचारलं नव्हतं. मिस डोरकसला बेकरी आतून दाखवावी असंही तिच्या मनात आलं नव्हतं. म्हातारीनं होकार दिला यातच तिला जिंकल्यासारखं झालं होतं.

ती मिस डोरकसच्या फाटकाशी गेली. आतून कुत्रं भुंकलं, दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पडदा हलला, पण दार तसंच. त्यानंतर गेली तेव्हा एव्हरॉलनं स्वतः येऊन डाव्या हातानं कडी काढली.

"ग्रॅनी... जेवायला घालतेय," तो म्हणाला. "या."

ओसरीत मिस डोरकस वाटी घेऊन बसली होती. नीरफणसाचा भाजलेला गर आणि खारा मासा. एव्हरॉल समोर बसला आणि म्हाताऱ्या हातानं त्याच्या तोंडासमोर चमचा धरला. त्यानं मान बाजूला केली.

"ग्रॅनी, हा हात..." तो थांबला. दोघीही त्याचं वाक्य पुरं करायच्या बेतात होत्या, आणि आयोनीनं ओठ घट्ट मिटले. "हा हात चांगला आहे," एव्हरॉल म्हणाला आणि डावा हात पुढं केला.

मिस डोरकसनं चमचा दिला नाही, वाटीत ठेवून दिला. एव्हरॉलनं तो उचलला. अर्धं सांडत, अर्धं खात तो जेवला. म्हातारी सांडलेल्याकडं बघत राहिली, आणि मग आयोनीकडं न बघताच बोलायला लागली.

"तुला वाटतं मला कळत नाही? सगळं कळतं. मी मेल्यावर याचं कसं व्हायचं, हा विचार माझ्याबरोबर झोपतो आणि माझ्याबरोबर उठतो. म्हणून तर याला लहान ठेवलं मी. लहान पोर रस्त्यात दिसलं तर कोणीतरी उचलून घरी नेतं, आयोनी. एवढ्या थोराड माणसाला कोण उचलणार?"

आयोनीनं छत्री खाली ठेवली. ती म्हणाली, "माझं चुकलं, मिस डोरकस. मी बघायला हवं होतं ते बघितलं नाही." एवढंच म्हणाली. पोराला परत पाठवा, असं ती म्हणाली नाही. तो तिचा हक्क नव्हता.

पण म्हातारीच म्हणाली, "रविवारी चर्चनंतर सगळे थांबतील. त्या फर्डीलाही बोलाव. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर सभागृहातून कोणी हललं नाही. आलेल्यांपैकी निम्मे काळजीनं थांबले होते आणि निम्मे तमाशा बघायला. फर्डी उठला. टाय घातलेला, घामानं डबडबलेला.

"पोरगा चुकला नाही," तो म्हणाला. "मी ओरडलो. गिऱ्हाइकांची रांग दिसत होती, पोरगा दिसत नव्हता. माझ्या बापानं मला वर्षभर भट्टीपासून लांब ठेवलं होतं, आणि मी दुसऱ्याच्या पोराला एका ओरडण्यात तिथं लोटलं." तो खाली बसला.

गॅरेजवाला म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, शिकवायचं काम शाळेचं. आम्ही धंदा करणारी माणसं."

मिस लॅटी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "शाळा शिकवते आणि मग तुझ्या गॅरेजसमोरच्या भिंतीवर आणून बसवते. मग तूच ओरडतोस, 'ही पोरं इथून हलत का नाहीत!' हलतील कुठं? तुझ्या डोक्यावर?"

हशा पिकला. दहा तोंडं एकदम बोलायला लागली. कोणी म्हणे विमा काढा, कोणी म्हणे फक्त मुलींना पाठवा, कोणी म्हणे फक्त मुलांना. या गदारोळात एव्हरॉल उभा राहिला. त्याच्या उंचीमुळं तो उभा राहिलेला सगळ्यांना दिसला. हाताला पांढरी पट्टी. उभे असलेले खाली बसले.

"मला..." तो म्हणाला, आणि थांबला.

"परत बेकरीत जायचंय, हो ना बाळा?" पुढच्या बाकावरची कोणी बाई मायेनं म्हणाली.

"नाही," एव्हरॉल म्हणाला. "मला बेकरी... आवडत नाही. तिथं गरम होतं."

आता हसावं की रडावं कोणाला कळेना. आयोनीचा चेहरा उतरला. एवढ्या महिन्यांत तिनं बेकरी किती जवळ आहे याचा विचार केला, फर्डीचा केला, आजीचा केला. तुला कुठं जायचंय, हा प्रश्न तिनं त्या पोराला एकदाही विचारला नव्हता.

आता तिनं विचारला. सगळ्यांदेखत, जागेवर उभी राहून. "मग कुठं जायचंय, एव्हरॉल?"

यावेळी कोणीही मध्ये बोललं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पाण्याच्या... ट्रकवर."

सगळ्या माना मागं वळल्या. शेवटच्या बाकावर लिनवल बसला होता. दक्षिणेकडच्या कोरड्या गावांत टँकरनं पाणी पोचवणारा, मोठ्यानं गाणी लावत गावातून जाणारा, आणि त्या गाण्यांसाठी आयोनीच्या शिव्या खाणारा लिनवल. त्याला उठणं भागच पडलं.

"माझ्याकडं बघू नका. मला कोणी कधी विचारलंच नाही. मिस आयोनी सगळ्या गावाच्या पायऱ्या झिजवून आल्या, माझ्या दारात नाही आल्या."

"तुझी ती गाणी..." आयोनीच्या तोंडून निघून गेलं.

"गाण्यांनी पाणी खारट होत नाही, मिस."

सगळ्यात मोठ्यानं हसली ती मिस डोरकस. दवाखान्याच्या बाकानंतर प्रथमच. मग तिनं काठी आपटली आणि आपली अट सांगितली. पहिल्या दिवशी ट्रकमध्ये ती बसणार. पाइप कुठं असतो, ब्रेक लागतो का, आणि हा लिनवल किती जोरात हाकतो, हे ती आपल्या डोळ्यांनी बघणार.

आणि ती बसली. चर्चची टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन, लिनवल आणि एव्हरॉलच्या मध्ये. तांबड्या मातीच्या रस्त्यानं दिवसभर फिरली. लिनवलनं त्या दिवशी फक्त भक्तिगीतं लावली, असं नंतर लोक सांगत. परतल्यावर म्हातारी कंबर धरत उतरली आणि आयोनीला म्हणाली, "पाइप ओढताना पोरगं हसत होतं. घरी कधी हसत नाही इतकं."

गुरुवार पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीसारखे नाहीत. गॅरेजवाला परत आला नाही. शाळेनंतर त्याच्याकडंच कामाला राहिलेली नोवलेट स्वतःच शेजारच्या गावातल्या गॅरेजमध्ये गेली. फर्डीनं वर्षभर कोणाला घेतलं नाही, आणि नंतर घेतलं तेव्हा भट्टीपुढं जमिनीवर एक पांढरी रेघ ओढून ठेवली. आयोनी आता आधी मुलांना विचारायची. त्यांची उत्तरं तिला बऱ्याचदा आवडायची नाहीत. घरच्या माणसांना ती काम प्रत्यक्ष दाखवायची, आणि नाही म्हणणाऱ्यांना भुलवायची नाही. त्यामुळं मुलं कमी गेली. पण जी गेली, त्यांच्याबद्दल तिला रात्री धास्ती राहिली नाही.

शाळा संपली तसा एव्हरॉल लिनवलबरोबरच राहिला. मिस डोरकसनं ते पाहिलं, आणखी काही वर्षं पाहिलं, आणि एका पहाटे झोपेतच गेली. अंत्यविधीला एव्हरॉल काळ्या कोटात होता. कोटाची इस्त्री वाकडी होती, कारण त्यानं ती स्वतः केली होती. आई इंग्लंडहून आली आणि आठवड्यानं परत गेली.

ती गेल्यावर आयोनी त्याच्या घरी गेली. मनात सगळं ठरवलेलं होतं. मागची खोली रिकामीच आहे, पोरानं तिच्याकडं राहावं. दोन वेळचं जेवण, धुतलेले कपडे. शिवाय पाणी खात्यात तिचा एक जुना विद्यार्थी होता. तिथं सावलीतली, बसून करायची नोकरी लागू शकत होती. ती बोलत होती तेव्हा एव्हरॉल कुत्र्याला खायला घालत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"नको, मिस," तो म्हणाला.

आयोनी वाट बघत थांबली. याच्यापुढं काही येईल, हे तिला सवयीनं माहीत होतं.

"मी... इथंच राहीन. कुत्रं आहे. आणि बसायचं काम... नको." मग तिला वाईट वाटलं असेल असं त्याला दिसलं असावं. "रविवारी जेवायला येईन."

वाटेनं परतताना तिला वाईट वाटलं होतंच. इतक्या वर्षांत तिनं ज्यांना मोठं केलं असं तिला वाटत होतं, त्यांच्यातल्या एकानंही तिला इतक्या सरळपणे नाही म्हटलं नव्हतं. चढावर दम लागला तेव्हा ती थांबली, छत्री मिटली, आणि मग तिच्या लक्षात आलं की पोरगा मान खाली घालून बोलला नव्हता.

रविवारी तिनं नारळाच्या दुधात राजमा-भात शिजवला, कोंबडी केली, मिस लॅटींनाही बोलावलं. टेबलावर तिसरं ताट मांडलं. जेवण थंड व्हायला लागलं तरी एव्हरॉल आला नाही. शेवटी शेजारचं पोरगं निरोप घेऊन आलं: दक्षिणेला एका घरी बाप्तिस्म्याचं जेवण आहे, टाकी कोरडी पडलीय, एव्हरॉल आणि लिनवल पाणी घेऊन तिकडं गेलेत. मिसनी वाट बघू नये.

आयोनीनं तिसऱ्या ताटाकडं बघितलं.

मिस लॅटींनी भात वाढून घेतला. "मोठा झाला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "जेवायला बोलावलं तर येत नाही, कामात असतो. वाढ मला ती कोंबडी."

आयोनी हसली आणि तिनं कोंबडीचं भांडं पुढं सरकवलं.